ग्रंथालयातील केरसुणी कोणाच्या हाती?

उपनगरांतील ग्रंथालयांचा इतिहास सांगताना आपण सामान्यतः विसाव्या शतकापासून प्रारंभ करतो. वस्तुतः बोरिवलीजवळील कान्हेरीच्या लेण्यांत शके ७६५, म्हणजे इ. स. ८४३ चा एक शिलालेख आहे. उत्तर कोकणचा शिलाहार अधिपती पुल्लशक्ती याच्या काळातील या लेखात भिक्षुसंघाला दिलेल्या द्रम्मांची वाटणी नोंदलेली आहे. त्यात विहाराची डागडुजी आहे, भिक्षूंची वस्त्रे आहेत आणि पुस्तकेही आहेत. ग्रंथ आणि वास्तूची निगा या दोहोंची तरतूद दात्याने एकाच दगडावर कोरविली. आपल्या विहारांना जोडून असलेल्या ग्रंथालयांत मात्र ग्रंथखरेदीवर कार्यकारिणीची बैठक भरते, आणि निगेचा विषय निघाला की 'ते शिपायाचे काम' एवढ्या तीन शब्दांत तो संपतो.

हे तीन शब्द तपासून पाहण्याजोगे आहेत. ग्रंथपाल, लिपिक, निर्गम सहायक, शिपाई अशी पदांची उतरंड असणे यात गैर काही नाही. कामाची विभागणी सर्वत्र असते. परंतु बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात दाखवून दिले की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. केर काढणे हे काम राहत नाही, ती काढणाऱ्याची ओळख होऊन बसते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी शाळेतील आपल्या गोणपाटाविषयी लिहिले आहे. वर्गात बसण्यासाठी वेगळे गोणपाट न्यावे लागे, आणि शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावीत नसे. म्हणून ते रोज घरी न्यावे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे. तहान लागली तरी नळ उघडायला शिपाई हवा, तो नसेल तर पाणी नाही. ज्या समाजाने झाडणाऱ्याचा आणि शिपायाचा असा अनुभव घेतला, त्याच्या ग्रंथालयात हे तीन शब्द सहजपणे उच्चारले जावेत, हे प्रस्तुत लेखकास खटकते.

संघाच्या जीवनात या प्रश्नाचा विचार झालेला आहे, आणि तोही एका भांडणाच्या निमित्ताने. कोसंबीच्या भिक्षूंमध्ये जो मोठा कलह माजला, त्याचे मूळ अट्ठकथेनुसार अगदी क्षुल्लक होते : शौचकूपातील भांड्यात एका भिक्षूने पाणी शिल्लक ठेवले होते. दोष कोणाचा, यावरून दोन तट पडले. तथागतांनी समजावूनही ते ऐकेनात, तेव्हा ते तेथून निघून गेले. महावग्गातील पुढचा वृत्तान्त आपण फारसा वाचत नाही. वाटेत ते पाचीनवंस वनात आले. तेथे अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे राहत होते. भिक्षाटनाहून जो आधी परते तो आसने मांडी आणि पिण्याचे व पाय धुण्याचे पाणी ठेवी. जो शेवटी येई तो सर्व आवरून जागा झाडी. पाण्याचा घडा रिकामा ज्याला दिसे, तो भरी. एकट्याला उचलत नसेल तर दुसऱ्याला हाताने खूण करी. त्यासाठी मौन मोडण्याचीही गरज पडत नसे. कनिष्ठाने भरावा असा तेथे नियम नव्हता. एका ठिकाणी शिल्लक पाण्यावरून संघ फुटला, तर दुसऱ्या ठिकाणी रिकामा घडा दिसेल त्याने भरला.

चुल्लवग्गातील वत्तक्खन्धकात हीच दृष्टी अधिक तपशिलाने येते. 'वत्त' म्हणजे नित्याचे कर्तव्य. निवासस्थान झाडताना आधी सामान बाहेर काढावे, वरची जळमटे प्रथम काढावीत, धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडावे, पिण्याच्या पाण्याजवळ काही झटकू नये, ज्या दिशेने धुळीचा वारा येतो तिकडची खिडकी लावावी. मुंबईच्या ग्रंथपालास यात नवीन काय वाटणार? कपाट वरच्या फळीपासून खाली पुसावे, हे त्यालाही ठाऊक असते. आपल्याकडे धुळीपेक्षा ओल हा मोठा शत्रू आहे. कपाट भिंतीला टेकवले की पावसाळ्यात मागील रांगेला बुरशी धरते; चार बोटे अंतर ठेवले तर हवा खेळते. पश्चिमेकडील खिडकी रात्री उघडी राहिली तर सकाळी कोणाची चूक हे ठरविण्यात अर्थ नसतो, कारण पाने तोवर फुगलेली असतात.

पाचीनवंस वनातील आणखी एक प्रसंग प्रवेशद्वाराशी घडला. वनाच्या राखणदाराने तथागतांना ओळखले नाही आणि आत येऊ नका असे सांगितले. अनुरुद्धांनी ते ऐकून त्याला थांबविले. मग एकाने पात्र-चीवर घेतले, एकाने आसन मांडले, एकाने पाय धुण्यास पाणी ठेवले. स्वागतही तिघांनी वाटून घेतले. आपल्या ग्रंथालयाच्या दाराशी कोण येतो? घाटकोपर किंवा मुलुंडच्या वस्तीतील दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यासाला जागा नसलेला विद्यार्थी येतो. घरात पुस्तक घेऊन बसणारी ती पहिलीच पिढी असते. चप्पल कोठे काढायची, नोंदवहीत काय लिहायचे, हे त्याला ठाऊक नसते. टेबलामागून 'काय पाहिजे?' हा प्रश्न कोणत्या स्वरात येतो, यावर तो पुन्हा येणार की नाही हे ठरते. तो स्वर सांभाळणे हे एकट्या निर्गम सहायकाचे काम नव्हे.

याचा अर्थ शिपायाचे पद काढून टाकावे, किंवा वेतन न देता सर्वांकडून जादा काम करून घ्यावे, असा मुळीच नाही. तसे झाले तर बरोबरीच्या नावाखाली नवीच वेठ सुरू होईल. अपेक्षा मर्यादित आहे. प्रत्येकाकडे, कार्यवाहांकडेसुद्धा, कपाटांचा एक ठरावीक भाग असावा : धूळ, कसर, वाळवी आणि चुकीच्या जागी लागलेली पुस्तके यांची जबाबदारी त्याची. चुकीच्या फळीवर गेलेले पुस्तक वाचकाच्या दृष्टीने हरवलेलेच असते. उघडताना जो प्रथम येईल त्याने खिडक्या आणि पिण्याचे पाणी पाहावे, शेवटी जाणाऱ्याने खुर्च्या व पंखे. प्रसाधनगृहाची पाळी फिरती असावी, आणि फळ्यावरील त्या रकान्यात पहिले नाव ग्रंथपालाचे लिहावे. तेथे नाव लिहिण्यास कोणी कचरला, तर कचरण्याचे कारण बैठकीत मोकळेपणाने बोलले जावे.

मे महिन्याच्या उत्तरार्धात एक दिवस सर्वांनी मिळून खालच्या फळ्या रिकाम्या कराव्यात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि उपनगरांत तळमजल्यावरील घराघरांत पाणी शिरले. दुर्मीळ अंक, स्मरणिका आणि हस्तलिखिते त्या फळ्यांवर असतील तर ती आजच वर हलवावीत.