दीड तालुक्याएवढा देश, आफ्रिकेतल्या आठांत

अहिल्यानगर जिल्ह्याचं क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर, तालुके १४. त्यातले साधारण दीड तालुके उचलून हिंदी महासागरात नेऊन ठेवा. झालं मॉरिशस! एवढ्याशा बेटाचा फुटबॉल संघ १९७४ साली इजिप्तमध्ये आफ्रिका चषकाच्या मुख्य स्पर्धेत उतरला. तेव्हा तिथे संघ असायचे फक्त आठ. अख्ख्या खंडातून आठ, आणि त्यात हा चिमुकला!

याहून मोठं नवल तर वेगळंच आहे. मॉरिशस स्वतंत्र झाला १२ मार्च १९६८ रोजी. मग त्याचा संघ पहिल्यांदा कधी खेळला असेल? १९४७ मध्ये! देश जन्मायच्या एकवीस वर्षं आधी संघ मैदानात होता. समोर रियुनियन आणि मादागास्कर, दोन्हीकडे तेव्हा फ्रेंचांचं राज्य. या तीन बेटांची स्पर्धा १९६३ पर्यंत रंगली आणि तिथे दबदबा मॉरिशसचाच.

हे खेळाडू यायचे कुठून? उसाच्या मळ्यांत राबायला १८३४ पासून भारतातून लाखो मजूर नेले गेले. मुंबई बंदरातून बोटीत चढलेल्यांत मराठी माणसंही होती; त्यांच्या वंशजांच्या देशात आजही गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. शिवाय आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज, फ्रेंच, चिनी. समाजासमाजाने आपापले क्लब काढले: हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स, तमिळ कॅडेट्स. एरवी एकमेकांविरुद्ध ईर्षेने झुंजणारे हे गडी देशासाठी मात्र एकच जर्सी घालायचे. हा संघ म्हणजे ‘क्लब एम’!

इजिप्तमध्ये तिन्ही सामने हरले, हे खरं. पण कसे? गिनीकडून १–२, काँगोकडून ०–२, झैरेकडून १–४. त्याच झैरेने पुढे चषक उचलला आणि काही महिन्यांत विश्वचषकही खेळला. अशा संघाच्या जाळ्यात या बेटाने चेंडू घातला होता!

पुढे सरकारने क्लबांच्या नावांतून धर्म आणि जात काढायला लावली. मुस्लिम स्काउट्सचा स्काउट्स क्लब झाला, हिंदू कॅडेट्सचा कॅडेट्स क्लब. पण पाटी बदलली म्हणून मनं बदलतात का? २३ मे १९९९ रोजी फायर ब्रिगेड या क्लबने स्काउट्सला हरवून लीग जिंकली आणि दंगल पेटली. राजधानी पोर्ट लुईमध्ये एका जुगारघराला आग लावली गेली. सात जीव गेले, त्यात लहान मुलंही होती. पुढचा लीग हंगाम झालाच नाही. लीग पुन्हा सुरू करताना क्लब गावांच्या आणि विभागांच्या आधारावर नव्याने बांधावे लागले.

आणि तरी २००३ मध्ये, जेमतेम चार वर्षांनी, याच देशाने हिंदी महासागर क्रीडा स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण जिंकलं!

ऑगस्ट २०१७ मध्ये हा संघ मुंबईत आला. अंधेरीच्या मैदानावर पंधराव्या मिनिटाला मर्विन जोसलिनने गोल केला आणि भारत चक्क पिछाडीवर! रॉबिन सिंग आणि बलवंत सिंग यांच्या गोलांनी भारताने कसाबसा २–१ विजय मिळवला. सप्टेंबर २०२४ मध्ये हैदराबादला पुन्हा गाठ पडली. फिफाच्या यादीत भारत १२४ वा, मॉरिशस १७९ वा. एकीकडे १४० कोटी माणसं, दुसरीकडे साडेबारा लाख. निकाल ०–०.