लेक विलायतेला दिली, भत्ता कुणाच्या नावावर?

रत्नागिरी-रायगडकडच्या कितीतरी घरांतले नातेवाईक ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत. तिथलं स्थळ आलं की आम्ही मुलाची नोकरी विचारतो, घर विचारतो, नमाज-रोजा विचारतो. लेकीच्या व्हिसावर कोणती अट असेल, हे मात्र कुणी विचारत नाही. पुढे जावयाची नोकरी गेली, की तिकडून फोन येतो आणि मग सगळे हडबडतात.

अट अशी: बायको म्हणून व्हिसावर गेलेल्या मुलीला सरकारी भत्त्यांवर हक्क नसतो. ती नोकरी करू शकते. व्हिसासोबत वर्षाला 1,035 पौंड आरोग्य अधिभार भरलेला असतो, म्हणून सरकारी दवाखाना तिला खुला असतो. मुलांची शाळाही भत्त्यांत मोजत नाहीत. पण युनिव्हर्सल क्रेडिट, घरभाड्याची मदत, कौन्सिल टॅक्सची सूट तिच्या नावावर मागता येत नाही. कायमचा रहिवास साधारण पाच वर्षांनी मिळतो, तोवर हेच.

मग जावई ब्रिटिश नागरिक असेल तर त्यानेही मागू नये का? इथेच गैरसमज आहे. तो मागू शकतो, आणि त्याने स्वतःच्या हक्काचं घेतल्याने बायकोच्या व्हिसाची अट मोडत नाही. फक्त तिच्यामुळे रक्कम वाढता कामा नये. म्हणून त्याला एकट्याचा दर मिळतो. 2025-26 मध्ये पंचवीस वर्षांवरच्या एकट्या माणसाला महिन्याला 400.14 पौंड होते, जोडप्याला 628.10. खाणारी तोंडं दोन, पैसे एकाचे.

गंमत म्हणजे द्यायच्या वेळी बायको मोजत नाहीत, कापायच्या वेळी मात्र मोजतात. समजा, घरात मूलबाळ नाही आणि ती दुकानात काम करून महिन्याला 600 पौंड हाती आणते. पौंडामागे 55 पेन्स कापले जातात, म्हणजे 330 गेले. नवऱ्याच्या 400 मधले सत्तर उरले. बचतीचंही तेच. दोघांची मिळून 16,000 पौंडांवर गेली, तर भत्ता बंद. त्यात अब्बांनी इथल्या बँकेत लेकीच्या नावावर ठेवलेली मुदत ठेवही आली. ती भारतात आहे म्हणून लपत नाही, सांगावीच लागते.

हा हिशेब पाहून काहीजण फॉर्मवर ‘एकटा’ लिहितात. कुणी सांगतो, फक्त निकाह झालाय, तिथल्या कायद्याने नोंदणी कुठे झालीय? आम्हाला हे ऐकून वाईट वाटतं. नोंदणी असो-नसो, नवरा-बायकोसारखे एका घरात राहत असाल तर त्या खात्याच्या लेखी तुम्ही जोडपंच. पकडले गेलात तर पैसे परत, शिवाय खटला. आणि व्हिसा वाढवताना हीच माणसं ‘आम्ही एकत्र राहतो’ याचे पुरावे जोडणार! एका खात्यात एकटा, दुसऱ्यात दुकटा. खोटं बोलून आणलेला पैसा हलाल कसा, हे वेगळं सांगायला नको.

खरंच उपासमारीची वेळ आली, तर व्हिसावरची ही अट काढण्यासाठी गृहखात्याकडे अर्ज करता येतो, त्याला फी नाही. मुलांचा भत्ता जावयाने आपल्या नावावर मागावा. कौन्सिल टॅक्सच्या सवलतीआधी सिटिझन्स ॲडव्हाइसमध्ये विचारून घ्यावं, तिथला सल्ला फुकट असतो.

आणखी एक गोष्ट, आयांसाठी. सासरी मारहाण होत असेल, तर ‘व्हिसा जाईल’ या भीतीने मुली गप्प बसतात. जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्या आणि अत्याचारामुळे नातं तुटलेल्या स्त्रीला तिथे तीन महिन्यांची वेगळी परवानगी मागता येते. त्या काळात ती स्वतःच्या नावावर भत्ता घेऊ शकते आणि कायमच्या रहिवासासाठी अर्ज करू शकते. पाठवणीच्या आधी लेकीला एवढं सांगून ठेवा, आणि तिच्या पासपोर्टची, व्हिसाच्या कागदांची एक प्रत आपल्या घरीही ठेवा.