विलायतेंतील छावा

आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त इंग्लंडांत राहतो. गेल्या दिवाळींत तो घरीं आला असतां, तिकडील शेजारच्या वस्तींतल्या पोरांविषयीं बोलतांना वरचेवर 'चॅव्ह' हा शब्द उच्चारूं लागला. भपकेबाज कपड्यांचा, उर्मट, गरीब घरचा पोरगा, असा अर्थ त्यानें सांगितला. सांगतांना त्याचें नाक किंचित् मुरडलें होतें.

आम्ही चपापलों. हा तर आपल्याच घरचा शब्द! संस्कृत 'शाव' म्हणजे पिल्लू. बाराव्या शतकांत हेमचंद्रानें आपल्या प्राकृत व्याकरणांत 'षट्', 'शाव' इत्यादि मोजक्या शब्दांच्या आद्य वर्णास 'छ' सांगितला आहे. तेणेंकरून 'छाव' झाला, आणि आपला 'छावा' त्याचाच वंशज. सुमारें हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थान सोडून पश्चिमेकडे गेलेल्या रोमा लोकांनीं तोच शब्द 'छावो', म्हणजे मुलगा, ह्या रूपानें बरोबर नेला. पाण्यास ते अद्यापि 'पानी'च म्हणतात.

स्पेनमधील रोमांच्या बोलीचें नांव 'कालो' (हा आपला 'काळा'). तिच्यांतून 'चावाल' हा शब्द स्पॅनिश भाषेंत शिरला व तेथें 'पोरगा' इतक्याच निरुपद्रवी, किंबहुना सलगीच्या अर्थानें नांदत आहे. इंग्लंडांत मात्र त्याचें नशीब फुटलें. २००४ सालीं ऑक्सफर्डच्या कोशकारांनीं त्यास वर्षाचा शब्द ठरविलें, तेव्हां तो शिवीच होऊन बसला होता. कित्येकांनीं तर 'सरकारी चाळींत राहणारा दांडगट' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जुळवून व्युत्पत्ति रचली. ती साफ बनावट आहे. पण शिवी देणारास सोयीची! श्रमजीवी वर्गाच्या हेटाळणीचें हा शब्द कसें साधन झाला, हें ओवेन जोन्स ह्या लेखकानें २०११ सालीं पुस्तक लिहूनच दाखविलें.

हें सर्व आम्हीं पुतण्यास मोठ्या उत्साहानें ऐकविलें. तो आमच्याच शाळेंत शिकलेला. हंसून म्हणाला, "काका, मागच्या बांकावरच्या मुलांना तुम्ही काय म्हणत होतां?"

आम्ही निरुत्तर झालों. पहिल्या बांकावरील हुशार मुलाच्या पाठीवर थाप मारून 'छावा' म्हणणारे आम्हीच, ओढ्यापलीकडील वस्तींतून येणाऱ्या मुलांस सर्रास 'मवाली' म्हणत असूं. त्यांतील एकानें नववींतच शाळा सोडली. हल्लीं तो बाजारांत मोटारसायकली दुरुस्त करतो. आम्ही दुकानावरून गेलों कीं, हात पुसून नमस्कार करतो.