आपल्याच हातांची परीक्षा

पाठ मोडताना ‘कट्ट’ आवाज आला की सरकलेलं हाड जागेवर बसलं, असं आपण सहज म्हणतो. हातांनी मणक्यांना झटका देऊन उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टिकच्या व्हिडिओंची सारी जादू त्या आवाजात असते. पण तो हाडाचा आवाज नसतोच. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातले प्राध्यापक ग्रेग कावचक स्वतः कायरोप्रॅक्टर. २०१५ साली त्यांच्या गटाने एमआरआय यंत्रात बोट नळीत अडकवून केबलने हळूहळू ओढलं आणि सांधा वाजतानाची दृश्यं टिपली. सांध्याचे पृष्ठभाग झटकन विलग होतात, आतल्या द्रवात पोकळी तयार होते आणि तेव्हाच आवाज येतो.

या विद्येचा जन्म १८९५ सालचा, अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावातला. संस्थापक डी. डी. पामर यांच्या मते ९५ टक्के रोगांचं मूळ सरकलेल्या मणक्यांत होतं. असा दावा घेऊन विद्यापीठात प्रवेश मिळणं अवघडच होतं. तरीही डेन्मार्कमधल्या ओडेन्सला १९९४मध्ये विद्यापीठातच कायरोप्रॅक्टिकचा अभ्यासक्रम सुरू झाला. तिथे सुरुवातीची वर्षं हे विद्यार्थी भावी डॉक्टरांबरोबर एकाच वर्गात शिकतात.

मणक्याला द्यायचा झटका सेकंदाच्या छोट्याशा अंशात संपतो. पूर्वी तो गुरूचं पाहून शिकावा लागे. आता काही महाविद्यालयांत टेबलातच बल मोजणारी यंत्रणा असते. विद्यार्थ्याने दाब दिला की पडद्यावर आलेख उमटतो आणि जोर किती, वेग किती, हे लगेच कळतं.

संशोधन मात्र जास्त कठीण. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देता येते. इथे उपचार खरा की लुटुपुटीचा, हे देणाऱ्या हातांना माहीत असतंच. तरीही अ‍ॅमस्टरडॅमचे सिडनी रुबिनस्टाइन, तेही कायरोप्रॅक्टरच, यांच्या गटाने जुनाट कंबरदुखीवरच्या ४७ चाचण्या एकत्र तपासल्या. २०१९ साली निष्कर्ष आला: मणक्यांवरचा हा उपचार व्यायामासारख्या शिफारस केलेल्या उपचारांइतकाच गुणकारी. म्हणजे उपयोग आहे, चमत्कार नाही. ज्यावर आपलं पोट चालतं, त्याबद्दल असं छापून आणायला धैर्य लागतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

मानेला दिलेल्या झटक्याच्या धोक्याचा प्रश्न मात्र अजून वादात आहे. मानेची रक्तवाहिनी फाटली की मान दुखते आणि माणूस त्या दुखण्यासाठीच उपचाराला येतो. मग पुढे पक्षाघात झाला, तर तो झटक्यामुळे की आधीच्या इजेमुळे, हे ठरवणं कठीण. म्हणून कोणत्या मानेला हात लावायचा नाही, हे ओळखणं विद्यार्थ्याला शिकावंच लागतं.