पैनगंगा : डोंगरमाथ्यापासून खाजणापर्यंत

यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशावर पैनगंगा ही दक्षिणेकडील सीमारेषा म्हणून रेखाटलेली असते. ही भूमिका तिला इतिहासाने दिली. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. नदीचा दक्षिण तीर मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली राहिला. तथापि भाषेने ही सीमा मानलेली नाही. एमेनो यांनी १९५५ साली ज्या कोलामी या द्राविडी भाषेचे वर्णन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, ती दोन्ही तीरांवर बोलली जाते. भूगोलाच्या दृष्टीनेही या नदीचे कार्य प्रदेश जोडण्याचेच आहे.

बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून पैनगंगा आग्नेयेकडे वाहू लागते. येथील भूमी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्टची होय. उमरखेड व किनवट तालुक्यांच्या सीमेवर, सहस्रकुंड येथे, या कठीण खडकाच्या कड्यावरून प्रवाह अनेक धारांनी कोसळतो. पुढे माहूरच्या डोंगरांना वळसा घालून जाणाऱ्या या नदीस उत्तरेकडून पूस आणि त्यानंतर अरुणावतीचे पाणी घेऊन आलेली अडाण मिळते. वणीच्या परिसरात बेसाल्टचे आच्छादन विरळ होऊन त्याखालील अतिप्राचीन चुनखडक उघडा पडतो. भूशास्त्रज्ञांनी त्या खडकसमूहास पैनगंगेचेच नाव दिले आहे. याच तालुक्यात जुगादजवळ ती वर्धेत विलीन होते.

नदीचे नाव येथे संपते; तिचे कार्य संपत नाही. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ ती गोदावरीस मिळते. धवळेश्वरमच्या खाली गोदावरी फाटे फोडते व गौतमी फाट्याच्या मुखाशी कोरिंगाचे विस्तीर्ण खारफुटीचे खाजण पसरलेले आहे. दख्खनचा बेसाल्ट झिजून तयार होणारी चिकणमाती या त्रिभुज प्रदेशाच्या गाळात आढळते.

प्रश्न या गाळाचाच आहे. त्रिभुज प्रदेशाची भूमी आपल्याच भाराने खचत असते व समुद्र तिची धूप करीत असतो. ही तूट नदीने आणलेल्या नव्या गाळाने भरून निघते. धरणांमागे मात्र पाण्याबरोबर गाळही अडतो. इसापूरच्या धरणाने यवतमाळ, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांतील शेतीस पाणी दिले आणि त्याच्या उथळ काठांवर जलपक्ष्यांना नवा आसरा मिळाला, हे निर्विवाद होय. परंतु गोदावरीच्या खोऱ्यातील अशा अनेक जलाशयांचा एकत्रित परिणाम म्हणून समुद्रापर्यंत पोचणारा गाळ पूर्वीपेक्षा पुष्कळच घटला आहे.

म्हणून निम्न पैनगंगेसारख्या आंतरराज्य प्रकल्पाचा विचार करताना बुडणारी गावे व भिजणारे क्षेत्र एवढाच हिशेब पुरेसा ठरत नाही. सहस्रकुंडावरून वाहणारी माती कोरिंगाच्या खाजणापर्यंत पोचते की नाही, हेही त्या हिशेबात धरावे लागते.