वर्धेच्या दोन तीरांवरचे सन

बल्लारपूरहून राजुऱ्याला निघालं की वर्धा नदी लागते. आज एसटी ती पाच मिनिटांच्या आत ओलांडते. पण १९४८ पूर्वी नदी ओलांडणाऱ्या माणसाचं राज्य बदलायचं आणि राज्याबरोबर सनही. अलीकडे इंग्रजांचा चांदा (आताचं नाव चंद्रपूर) जिल्हा, पलीकडे निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यातला राजुरा तालुका. हा तालुका १९५६ साली नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चांद्यात आला. जमिनी आल्या, माणसं आली आणि त्यांच्याबरोबर उर्दूत लिहिलेले जुने कागदही आले. त्या कागदांनी माझी एकदा चांगली फजिती केली.

त्याच जुन्या राजुरा तालुक्यातल्या जिवतीकडच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मोबाइलवर एका कागदाचा फोटो दाखवला. त्यांच्या आजोबांच्या नावाचा पहाणीचा उतारा. कडा झिजलेल्या, शाई तपकिरी पडलेली. उर्दू आकडे तेवढे मला वाचता येतात. साल होतं १३४५. मुसलमानी राज्य, उर्दू कागद, म्हणजे हिजरी सन, असं मी धरून चाललो. हिशेब केला, १९२६ निघालं आणि मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं, ‘काका, तुमचं काम झालं!’

काम होतं वनहक्काच्या दाव्याचं. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातीत नसलेल्या पारंपरिक वननिवाशाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा लागतो. एक पिढी म्हणजे २५ वर्षं, असं कायदाच सांगतो. म्हणजे हद्द आली १३ डिसेंबर १९३० ची. १९२६ चा कागद हद्दीच्या आत बसत होता. एका कागदावर दावा ठरत नाही हे खरं, पण हाती असलेला पहिलाच पुरावा असा भक्कम निघाल्यावर काकांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी विसरलो नाही.

पुढे उर्दू दफ्तरात हयात घालवलेल्या एका निवृत्त कारकुनांनी तोच फोटो पाहिला. त्यांनी बोट आकड्यावर ठेवलंच नाही. आकड्याच्या शेपटाशी एक बारीकसं अक्षर होतं, त्यावर ठेवलं. ‘हा हे नाही, फे आहे,’ ते म्हणाले. सालापुढे दोन डोळ्यांचा ‘हे’ असेल तर हिजरी, एका नुक्त्याचा ‘फे’ असेल तर फसली, म्हणजे पिकांचा सन. फसली १३४५ म्हणजे ऑक्टोबर १९३५ ते ऑक्टोबर १९३६. त्या एका नुक्त्यामुळे काकांचा कागद नऊ वर्षं पुढे सरकला आणि हद्दीबाहेर गेला.

हिजरी वर्ष निव्वळ चंद्राचं असतं. बारा महिने, काही २९ दिवसांचे, काही ३० चे, मिळून ३५४ किंवा ३५५ दिवस. आपलं पंचांगही चंद्राचेच महिने मोजतं, पण दर बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखतं. इस्लामपूर्व अरबस्तानातही महिने पुढेमागे करण्याची रीत होती. कुराणाच्या नवव्या सूऱ्यात तिला मनाई आली आणि वर्ष मोकळं सुटलं. म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि सुमारे तेहेतीस वर्षांत उन्हाळा, पावसाळा, हिवाळा हिंडून परत येतो. बत्तीस सौर वर्षांत तेहेतीस हिजरी वर्षं बसतात. हिजरीवरून इसवी काढायची सोपी रीत यातूनच निघते. हिजरी आकड्याला ३३ ने भागा, आलेला भागाकार त्याच आकड्यातून वजा करा आणि ६२२ मिळवा.

नमाज-रोज्याला हे वर्ष सोयीचं, कारण त्याला आकाशाखेरीज काही लागत नाही. सारा वसूल करणाऱ्याला मात्र ते पुरतं गैरसोयीचं. पीक सूर्यावर येतं. हिजरीप्रमाणे वसुली केली तर बत्तीस पिकांवर तेहेतीस वर्षांचा सारा मागावा लागेल. त्यावर राज्यकर्त्यांनी काढलेली तोड अशी की हिजरीचा चालू आकडा एका ठिकाणी धरायचा आणि तिथून पुढे तो सौर वर्षाच्या गतीने चालवायचा. दख्खनचा फसली शाहजहानच्या काळात, १६३६ साली, हिजरी १०४६ चालू असताना असा वेगळा झाला. १०४६ मध्ये ५९० मिळवले की १६३६ येतात, आणि तो ५९० आजही तसाच आहे. निजामाच्या राज्यात वर्ष ६ ऑक्टोबरला सुरू व्हायचं, म्हणून जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवायचे. महिन्यांची नावं इराणी: आजूर, दै, बहमन, इस्फंदार आणि अशीच पुढे आबानपर्यंत. या नावांपैकी एक जरी कागदावर दिसलं तर हिजरीचा विचारच करू नये. मी ते पाहिलं नव्हतं. (उत्तर हिंदुस्थानातला फसली अकबराच्या काळचा. त्याचं कोष्टक इथे लावलं तर आणखी दोन वर्षांचा घोळ.)

हैदराबाद संस्थान भारतात आलं ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी. त्या दिवशी सरकारी दफ्तरात आबान महिना, फसली १३५७, आणि मशिदीत जिल्काद महिना, हिजरी १३६७. एकाच गावात दोन्ही आकडे, दहा वर्षांच्या अंतराने.

आता नदीच्या चांद्याच्या तीरावर या. इथे १७५१ मध्ये गोंडांचं राज्य जाऊन नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला. मराठी राज्याच्या मोडी कागदांवर भेटतो तो सुहूर सन, ज्याला अरबी सनही म्हणतात. तो १३४४ साली हिजरी ७४५ वर असताना असाच सूर्याला बांधला गेला. त्याचं वर्ष मृगाला लागतं. शेतकऱ्याचं आणि कारकुनाचं वर्ष एकाच दिवशी सुरू, ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, पुढे ६००. गंमत अशी की वर्ष सूर्याचं, पण तारीख आणि महिना चंद्राचे, हिजरीचेच ठेवले. तारखेआधी ‘छ’ हे अक्षर, मग मोहरम, सफर, रबिलावल अशी मराठी जिभेवर बसलेली नावं आणि साल आकड्यात न लिहिता अरबी शब्दांत, एककापासून.

कर्नल ॲडम्सच्या फौजेने चांद्याचा तट फोडून शहर घेतलं ते २० मे १८१८ रोजी. त्या दिवशी एखाद्या मराठी कारकुनाने कागद लिहिला असता तर मिती पडली असती: छ १४ रज्जब, सन समान अशर मयातैन व अलफ. समान म्हणजे आठ, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार, बेरीज १२१८. मे महिना मृगाच्या आधीचा, म्हणून ६०० मिळवा, १८१८ आलं. हिजरी साल होतं १२३३. त्याला ३३ ने भागून ३७ येतात. ते वजा केले की ११९६, त्यात ६२२ मिळवले की पुन्हा १८१८. पंचांगाने पडताळा घेतला तर शके १७४०, वैशाखी पौर्णिमा, बुधवार. शुद्ध पक्षाची तिथी मुसलमानी तारखेच्या एक-दोन पावलं पुढे असते. पौर्णिमेला १४ तारीख, म्हणजे हिशेब बरोबर बसला.

पण हाच कागद २५ रज्जबचा असता तर? सुहूर १२१८ सुरू झाला तो जून १८१७ च्या पहिल्या आठवड्यात, २० रज्जबच्या सुमारास. बारा चांद्र महिन्यांनी पुन्हा रज्जब आला, तरी सौर वर्ष संपायला अकरा दिवस उरलेलेच होते. म्हणजे १२१८ च्या पोटात २५ रज्जब दोनदा: एकदा १० जून १८१७ ला, दुसऱ्यांदा ३१ मे १८१८ ला. पहिल्या तारखेला चांदा भोसल्यांकडे, दुसरीला इंग्रजांकडे. अशा वेळी मोडकांची जंत्री, म्हणजे तारखांचं जुनं कोष्टक, दोन्ही तारखा समोर ठेवते आणि निवड तुमच्यावर सोडते. वार दिलेला असेल तर सुटलो, नाहीतर मजकूर वाचून ठरवायचं. ग. ह. खरे यांचं ‘संशोधकाचा मित्र’ हे पुस्तक अशा पेचांसाठीच जवळ बाळगावं.

सगळं जुळवूनही एका दिवसाचा फरक पडू शकतो, आणि तो कोष्टकाचा दोष म्हणता येत नाही. हिजरी महिना गणिताने लागत नाही, चंद्रकोर डोळ्यांना दिसली की लागतो. भाऊबीजेच्या संध्याकाळी ओवाळताना आपल्या बायका जी कोर शोधतात तीच. त्या सूर्यास्तापासून पहिली तारीख. नागपूरचे संत ताजुद्दीन बाबा यांचं निधन १७ ऑगस्ट १९२५ रोजी झालं, मोहरमची २६ तारीख, हिजरी १३४४. तीस वर्षांत अकरा लीप वर्षं धरणाऱ्या नेहमीच्या कोष्टकात मात्र २६ मोहरम १६ ऑगस्टला येतो. कारण शोधलं तर सापडतं. त्या वर्षी आषाढी अमावास्या २१ जुलैच्या पहाटे संपली. त्या संध्याकाळी चंद्र जेमतेम पंधरा तासांचा, नजरेला न पडणारा. २२ च्या संध्याकाळी तो दिसण्याजोगा झाला. कोष्टकाने एक दिवस आधीच महिना सुरू करून टाकला होता.

ताजबागेतला त्यांचा उरूस १७ ऑगस्टला धरला जात नाही, २६ मोहरमला धरला जातो. आमच्या चंद्रपूरकडून जाणारे भाविक सध्या भर पावसाळ्यात, छत्र्या घेऊन निघतात. दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे येत २०३१ च्या सुमारास ही तारीख मे महिन्यात पोचेल, आणि मग छत्री लागेल ती उन्हासाठी.