पाळी थांबली, तेव्हा आम्ही काय विचारले?



मंचरच्या वसतिगृहातली आमची एक मुलगी रोज पहाटे 10 किलोमीटर धावते, असे गेल्या वर्षीच्या ईस्टर अंकात मी कौतुकाने लिहिले होते. भीमाशंकरकडच्या वाडीतली पोर. तिच्या पेटीच्या झाकणावर कविता राऊत यांचा फोटो आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या या आदिवासी धावपटूने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. आमच्या मुलीची पाळी तेव्हा चार महिने आली नव्हती. मला ठाऊक नव्हते.

कळल्यावर कुजबुज सुरू झाली ती भलतीच. (मुलीची पाळी चुकली की आपले मन एकाच ठिकाणी जाते.) मी तिला डॉक्टरबाईंकडे नेले. तपासण्यांत काही निघाले नाही. मग बाईंनी विचारले, "ही खाते काय?" पहाटे उपाशी धावणे, दुपारी भात-आमटी, रात्री भाकरी. लेंतमध्ये तर तिने दुपारचे जेवणही सोडले होते, आणि त्याबद्दल शाबासकी मीच दिली होती.

बाईंनी समजावले ते असे. खाल्लेल्या अन्नातून धावण्याचा खर्च वजा करा. जे उरते त्यावर हृदय, मेंदू, हाडे, पाळी, सगळे चालवायचे असते. 40 किलोच्या मुलीला 10 किलोमीटर धावायला सुमारे 400 कॅलरी लागतात, म्हणजे साधारण दोन भाकरी. वर डोंगर चढणे, पाणी भरणे आहेच. चरबी सोडून शरीराच्या दर किलोमागे दिवसाला 30 कॅलरींहून कमी उरल्या, तर मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेश काही दिवसांतच मंदावू शकतात. इस्ट्रोजेन घटते, पाळी थांबते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' असे नाव दिले. वजन उतरलेच पाहिजे असे नाही, म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही.

मुलींना वाटते, बरे झाले, कटकट गेली. पण जन्मभराची हाडे याच वयात भरतात, आणि इस्ट्रोजेनशिवाय ती नीट भरत नाहीत. मग नडगीला बारीक चिरा पडतात. गोळ्या देऊन रक्तस्राव आणता येतो, मूळ तूट तशीच राहते. खाणे वाढवणे आणि काही काळ धावणे कमी करणे, हाच इलाज.

एलीया रानात थकून पडला तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर दिली, मग वाटेला लावले. हा उतारा मी कितीदा शिकवला असेन!

आता धावण्याआधी केळे किंवा गूळ-शेंगदाणे, परतल्यावर लगेच नाचणीची भाकरी, उसळ, अंडे. लेंतमध्ये धावणाऱ्या मुलींनी जेवण सोडायचे नाही, दुसरे काही सोडायचे. तीन महिने पाळी नसेल तर संशय न घेता डॉक्टरकडे. तिची पाळी चौथ्या महिन्यात आली. स्वयंपाकघरात येऊन तिने माझ्या कानात सांगितले आणि आणखी एक भाकरी मागितली.

आता सहा मुली धावतात. अंडी-शेंगदाण्यांचा खर्च या तिमाहीपासून हिशेबात वेगळा दाखवला आहे.